घड्याळाची केस

"आज केस घेऊनच परत येतो! लिहून ठेव!" बुटाची नाडी आवळत काटेकोरांनी बायकोला बजावलं.

"कशावर लिहू? घरातल्या सगळ्या टेबलांवर तुमची घड्याळं पसरलीत," बायको म्हणाली.

काटेकोर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनंमापं तपासायच्या खात्यात नोकरीला असताना दुकानदारांनी ठेवलेलं ते नाव. तराजूचा काटा जरा कुठे कलला, की हा गृहस्थ दुकानासमोर अशी मुद्रा करून उभा राहायचा, जणू काही आकाशच कललंय! नोकरी संपली, तराजूचे काटे गेले आणि त्यांची जागा घड्याळाच्या काट्यांनी घेतली. नाव आपलं जिथल्या तिथे.

नाद होता खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळांचा. नाद तरी किती? घरात जो कोणी पाऊल टाकेल त्याच्या डोळ्याला भिंग लावून काटेकोर व्याख्यान सुरू करायचे. परवा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस सापडला.

"डायलवरच्या नावाला भुलू नका!" काटेकोर त्याला सांगत होते. "नाव काय, कुणीही छापतो! मागचं झाकण उघडा. मशीनवर एक नंबर असतो, बाहेरच्या डबीच्या, म्हणजे केसच्या, आत एक नंबर असतो. दोन्ही जुळले पाहिजेत! म्हणजे दोघं पहिल्यापासून एकत्र आहेत. मग डायल बघा. काचेसारखा गुळगुळीत मुलामा असतो, त्याला बारीकशी चीर गेली की निम्मी अब्रू गेली. काटे मूळचे हवेत. कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोटाला टोचल्या पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुसायचं नाही! चांदी काळी पडते ना? पडू द्या! घासून चकचकीत केलेलं घड्याळ म्हणजे जुनं पत्र साबणाने धुऊन पांढरंशुभ्र करण्यासारखं आहे!"

"ते ठीक आहे," नळवाला एका डोळ्याने भिंगातून आणि दुसऱ्याने छताकडे बघत म्हणाला, "पण गळतोय तो नळ कुठला?"

तर अशा या काटेकोरांच्या काळजाचा तुकडा म्हणजे वडिलांचं घड्याळ. खरं म्हणजे घड्याळाचं नुसतं मशीन. वडील कारखान्यात भोंगा वाजवायचे. घड्याळ बघून दोरी ओढली की हजार माणसं कामाला लागायची आणि आसपासच्या घरांतल्या बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या. वडील गेले, तेव्हा दोघा भावांचं या घड्याळावरून जे वाजलं, ते भोंग्यापेक्षा मोठं होतं. थोरला दादा शिंपी. तो म्हणाला, "मी थोरला, घड्याळ माझ्याकडे राहील." काटेकोर तेव्हा विशीतले, डोक्यावर काळंभोर रान आणि डोक्यात त्याहून दाट राग. ते म्हणाले, "तुला घड्याळातलं कळतं काय? तुला नुसती चकाकी पाहिजे!" आणि खिशातून छोटा पेचकस काढून त्यांनी तिथल्या तिथे मशीन उपसलं. "घे डबी! बस घासत!" असं म्हणून रिकामी केस टेबलावर आपटली आणि घराबाहेर पडले.

ते पडले ते पडलेच. एकाच गावात राहून दोघं भाऊ एकमेकांना दिसले तर रस्ता बदलायचे. पुढेपुढे रस्ता बदलायचीही गरज उरली नाही, कारण दादा रस्त्यावर दिसेनासा झाला. का, ते काटेकोरांनी कुणाला विचारलं नाही.

मशीन त्यांनी एका स्टीलच्या केसमध्ये बसवलं होतं. चालायचंही झकास. पण वाचनालयात जुन्या घड्याळांचं प्रदर्शन भरायचं ठरलं आणि दातांचे डॉक्टर, जे या हौशी मंडळींचे पुढारी होते, ते घड्याळ उघडून रुग्णाच्या तोंडात डोकावावं तसे आत डोकावले.

"मशीन पहिल्या प्रतीचं आहे हो," डॉक्टर म्हणाले, "पण परक्या घरात नांदतंय! मूळची केस आणा. मधल्या काचपेटीत हेच ठेवू. नाहीतर मग..." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. तिथे गजराची घड्याळं ठेवायची होती.

गजराची घड्याळं! काटेकोरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्यातच बातमी लागली, की दादाचं बिऱ्हाड हलतंय, जुनं सामान भंगारात निघतंय. केस भंगारात! मग मात्र काटेकोरांनी कपाटातला कोट काढला, घड्याळ, भिंग आणि पेचकस खिशात टाकला आणि निघाले. योजना सोपी होती. सहज इकडून चाललो होतो म्हणायचं, खुशाली विचारायची आणि उठता उठता म्हणायचं, "ती एक जुनी डबी होती बघा, पडलीय का कुठे?"

दार उघडलं एका चाळिशीला टेकलेल्या बाईने. ही पुतणी असणार. काटेकोरांनी तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती रांगत होती. तोंड उघडून ते "मी" म्हणतात न म्हणतात तोच ती म्हणाली, "किती उशीर! या, आधी कपाट उचला."

"कपाट?"

"सांगितलं होतं ना फोनवर? लोखंडी आहे, जड आहे. तुमच्याबरोबरचा माणूस कुठेय? नाही आणला? कमाल आहे! मग एक बाजू मीच धरते. आणि कोट घालून कुणी भंगार न्यायला येतं का?"

आता या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण काटेकोरांच्या मनात आलं, कपाट हलवता हलवता आतल्या खोलीवर एक नजर टाकता येईल. म्हणून त्यांनी वाकून कपाट धरलं. कपाट बोटभरच हललं, कमरेतलं काहीतरी मात्र चांगलंच हललं.

"आई गं!"

ती किंकाळी ऐकून वहिनी बाहेर आल्या. हातातलं फडकं खाली पडलं.

"भावजी!"

वहिनींचे डोळे भरून आले. पुतणीने कपाट सोडलं, ते काटेकोरांच्या पायावर आलं आणि त्यांचेही डोळे भरून आले. वहिनींना वाटलं, मायेने.

"त्यांचं कळलं म्हणून आलात ना?" वहिनींनी विचारलं.

काय कळलं, हे काटेकोरांना कळलं नव्हतं. पण दुखऱ्या पायावर उभं राहून माणूस फार विचार करू शकत नाही. ते म्हणाले, "हो."

बस! त्या एका 'हो'ने घात केला. वहिनींनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पुतणीने पाणी आणलं, वाकून माफी मागितली. वहिनींनी दारातूनच शेजारीणबाईंना हाक मारली, "अहो, बघा तरी कोण आलंय! यांचे धाकटे भाऊ!" शेजारीणबाई आल्या त्या पदर डोळ्याला लावूनच आल्या. "शेवटी रक्ताचं नातं हो! नाहीतर आजकाल कोण येतंय! देवमाणूस!" म्हणाल्या. देवमाणूस खुर्चीत बसून घाम पुसत होता. डबीचं नाव आता काढायचं कोणत्या तोंडाने?

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता. बायकोचा आवाज असा, की फोन मध्ये नसता तरी पोचला असता.

"केस मिळाली का?"

खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. काटेकोर गडबडले. "केस ना? हो हो, पिकलेत. वहिनींचे केस बरेच पिकलेत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? लाजताय काय एवढे! सरळ सांगा, वडिलांची आहे, माझा हक्क आहे, केस काढा म्हणावं!"

काटेकोरांनी फोन बंद केला, पण जे व्हायचं ते झालं होतं. पुतणी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"केस? कोर्टाची? वडिलांची म्हणजे या घराची? घर सोडतोय कळल्याबरोबर हिस्सा मागायला आलात होय!"

"तरीच म्हटलं," शेजारीणबाईंनी डोळ्याचा पदर झटकन खाली घेतला, "कोटबिट घालून कसे आले!"

"अहो, नाही हो! घर नको मला!" काटेकोर ओरडले. "घड्याळाची केस! रिकामी डबी! या घड्याळाची!" आणि त्यांनी खिशातलं घड्याळ काढून सगळ्यांसमोर धरलं.

कोर्टाच्या केसने पुतणी चिडली होती. घड्याळाच्या केसने वहिनी मटकन खाली बसल्या.

"म्हणजे त्यांना भेटायला नाही आलात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचं काही माहीतच नाही तुम्हाला."

"काय माहीत नाही?"

कुणी उत्तर द्यायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला. दादाचाच, पण धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा.

"कोण घड्याळ म्हणालं? घड्याळजी आले का गं?"

वहिनींनी मग दबक्या आवाजात सांगितलं ते असं. गेली काही वर्षं दादाला एकेक विसरायला होत होतं. आधी गिऱ्हाइकांची मापं विसरला, मग रस्ते, मग माणसं. लेकीला आई म्हणतो, वहिनींना कधी ओळखतो, कधी नाही. एक घड्याळ तेवढं विसरत नाही. मशीन काढून नेलं हे मात्र विसरला. घड्याळ बंद पडलंय, दुरुस्त करून आणा, म्हणून सारखा मागे लागतो. वहिनी त्याला हाताला धरून दुकानं हिंडल्या. दादा मोठ्या ऐटीत ती रिकामी डबी पुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "जरा मागे पडतं हो." एक दुकानदार हसला. दुसऱ्याने हाकललं. तिसऱ्याने म्हाताऱ्याला सांगितलं, यात घड्याळच नाही. त्या दिवशी दादा जेवला नाही.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ओळखणार नाहीत ते तुम्हाला. पण घड्याळजी म्हणून आत जाल का? एवढंच करा."

काटेकोर उठले.

आतल्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र होतं आणि शेजारी पलंगावर दादा. गळ्यात अजूनही मापं घ्यायची टेप. चादरीचा काठ बोटांनी दुमडत होता, सोडत होता, पुन्हा दुमडत होता. त्याने वर पाहिलं. काटेकोर दारातच थांबले. दादाची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून सरकली आणि कोटावर थांबली.

"हा कोट कुणी शिवला हो? डावा खांदा पडलाय."

खरंच होतं. काटेकोरांचा डावा खांदा लहानपणापासून उतरता. तिथे आतून किती जाड गादी द्यायची हे एका दादालाच जमायचं. भांडण झाल्यापासून त्यांचा एकूण एक कोट डावीकडे पडत आला होता.

"बसा," दादा म्हणाला. मग उशीखाली हात घालून त्याने मखमलीच्या चिंध्यांत गुंडाळलेली वस्तू काढली. एकेक पदर असा उलगडला, की जणू आत पिल्लू झोपलेलं असावं. "सांभाळून हं. माझं नाही हे. धाकट्याचं आहे. रागावून बाहेर गेलाय. येईल, तेव्हा चालू असलं पाहिजे. नाहीतर आणखी रागावेल. फार रागीट आहे तो!"

काटेकोरांनी केस हातात घेतली. सवयीने भिंग डोळ्याला गेलं. आणि त्यांना ओरडावंसं वाटलं.

केस आरशासारखी लखलखत होती! झाकणावर वडिलांचं नाव कोरलेलं होतं, ते गेलं होतं. भोवतीची वेलबुट्टी गेली होती. आतला नंबर, ज्याच्यासाठी डॉक्टरांनी काचपेटी राखून ठेवली होती, तो नंबर पार सपाट झाला होता. साबणाची वडी संपत आली की होते तशी ती चांदी पातळ झाली होती. अंगठा टेकायच्या जागी तर पलीकडचा उजेड तेवढा दिसायचा बाकी होता.

"कुणी... कुणी पुसली ही?"

"मी!" दादाचा चेहरा उजळला. "रोज पुसतो. आधी टूथपेस्ट, मग फ्लॅनेल, मग मखमल. आतूनसुद्धा! आमच्या धाकट्याला वाटतं, दादाला घड्याळातलं काही कळत नाही. बघू दे म्हणावं आता, डाग आहे का एक तरी!"

व्याख्यानाचं पहिलं वाक्य काटेकोरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"एकही डाग नाही," ते म्हणाले. "असं राखलेलं घड्याळ मी आजवर बघितलं नाही."

दादाने मान डोलावली. ते त्याला ठाऊकच होतं.

काटेकोरांनी स्टीलची केस उघडली, पेच सोडवले आणि मशीन बाहेर काढलं. चांदीच्या केसमध्ये ते ठेवलं तर मुळी बसेना. कड इतकी झिजली होती, की मशीन आत डुगडुगत होतं, जसा मोठ्या माणसाच्या बुटात पोराचा पाय.

"सैल होतंय?" दादाने टेप सारखी करत विचारलं. "मग आतून पट्टी द्यायची. त्यात काय!" आणि मखमलीच्या चिंधीतून त्याने नखाएवढी पातळ पट्टी कापून दिली. ती बरोबर बसली. कुठल्याही जाणकाराने हे बघितलं असतं तर चक्कर येऊन पडला असता. घड्याळात मखमल! काटेकोरांनी पेच आवळले, चावी दिली आणि घड्याळ दादाच्या हातात ठेवलं.

दादाने ते कानाला लावलं. चादरीच्या काठावरचा दुसरा हात थांबला. बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. दारात वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पुतणी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून.

काटेकोरांना राहवलं नाही. "दादा," ते म्हणाले, "मी आलोय. धाकटा."

दादाने घड्याळ कानाला तसंच धरून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग तो हसला. गिऱ्हाइकाने चुकीचं माप सांगितल्यावर हसावं, तसं.

"काहीतरीच काय! तो तुमच्यासारखा म्हातारा आहे होय? वीसबावीसचा आहे. केस कसे काळेभोर!"

"नाही रे दादा, बघ तरी नीट—"

"अहो, तुम्ही भले गृहस्थ आहात," दादाने घड्याळ पुन्हा मखमलीत गुंडाळलं, "पण घड्याळ त्याच्या हातातच देणार मी. दुसऱ्या कुणाला नाही. तुमची मजुरी राहिली. काढा तो कोट, खांदा नीट करून देतो."

काटेकोरांनी कोट काढून दिला. दादाने सुईत दोरा ओवला तो पहिल्या फटक्यात. खांद्यावर बोट फिरवताना एकदा थांबला, म्हणाला, "गंमत आहे. माझ्या धाकट्याचाही डावा खांदा असाच आहे." आणि पुढे शिवू लागला. काटेकोर खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

कोट शिवून झाला, तेव्हा दादाने स्वतः उठून तो त्यांना चढवला. खांदा अचूक बसला होता. गादी जिथे हवी तिथे, जेवढी हवी तेवढी. फक्त डाव्या बाहीचं टोक खिशाला पक्कं शिवलं गेलं होतं. हात बाहीतून थेट खिशातच उतरत होता आणि तिथून निघत नव्हता. पुतणी कात्री घेऊन पुढे आली. काटेकोरांनी मानेने तिला नको म्हटलं.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. नुसतं म्हणाल्या, "पुन्हा याल?"

"घड्याळाला तेल द्यावं लागेल अधूनमधून," काटेकोर म्हणाले.

ते जिना उतरायला लागले आणि मागून दादाचा आवाज आला. वहिनींना हळूच सांगतोय असं त्याला वाटत होतं, पण ऐकू चांगलं खालपर्यंत येत होतं.

"अगं, घड्याळ आत ठेव. माणूस कामाला ठीक आहे, पण नजर चांगली नाही त्याची. डोळ्यांत पाणी आणून बघत होता घड्याळाकडे!"

घरी बायको दारातच उभी होती.

"मिळाली?"

काटेकोर एका हाताने बुटाची नाडी सोडू लागले. बायकोने त्यांचा डावा हात पाहिला आणि तिचा चेहरा फुलला.

"मिळाली म्हणा की! खिशात काय लपवता? काढा, काढा हात! बघू दे तरी!"

"निघत नाहीये."

बायकोने जवळ येऊन ओढून पाहिलं, शिलाई चाचपली आणि कपाळाला हात लावला. "हे कुठल्या अडाण्याचं काम? आणि मशीन कुठेय?"

"तेही तिकडेच राहिलं."

"म्हणजे गेलात केस आणायला आणि होतं ते मशीनही देऊन आलात! आता प्रदर्शनाचं काय?"

"ठेवतील दुसऱ्या कुणाचं," काटेकोर म्हणाले आणि कोटासकट खुर्चीत बसले.

बायको बडबडत आत गेली आणि कात्री घेऊन आली. शिलाईला कात्री लावणार, तोच काटेकोरांनी मोकळ्या हाताने तिचं मनगट धरलं.

"थांब जरा. जेवण उजव्या हाताने जेवता येतं," ते म्हणाले. "खांदा बघ ना, किती छान बसलाय."